दहापैकी सहा

ऑक्टोबर संपत आला की आमच्या दारातल्या मेपलला एकाएकी वैराग्य येतं. कालपर्यंत अंगभर लालपिवळं मिरवणारं झाड दोन दिवसांत सगळं खाली सोडून देतं आणि ते उचलायची जबाबदारी माझ्यावर येते. न्यू जर्सीत एडिसनला हे घर घेताना एजंटानं झाडाचं फार कौतुक केलं होतं. पानांविषयी तो काही बोलला नव्हता.

"अहो, नुसतं उभं राहून पानं गोळा होत नाहीत," माझी बायको सुलभा खिडकीतून म्हणते. तिचं म्हणणं खरं असतं. मी हातात रेक, म्हणजे पानं ओढायचं दाताळं, धरून वास घेत उभा असतो. भिजलेल्या मेपलच्या पानांना चहाच्या गार पडलेल्या चोथ्यासारखा वास येतो. तो नाकात गेला की मी ह्या अंगणात राहत नाही. ऐंशीच्या दशकात मी शिकायला होतो त्या ॲन आर्बरला, मिस एडनांच्या घराच्या मागच्या पायरीवर जाऊन बसतो. अंगात लक्ष्मी रोडवरून घेतलेला स्वेटर, जो मिशिगनच्या वाऱ्याला मच्छरदाणीइतकाच अडवायचा.

ह्या वर्षी पानं लवकर पडली, आणि पानांबरोबर आमच्या मुक्ताची मेल येऊन पडली. मुक्ता हर्नडनला सॉफ्टवेअरमध्ये आहे. शनिवारी कुठल्याशा लिखाणाच्या वर्गाला जाते हे आम्हाला ठाऊक होतं, पण आम्हाला वाटायचं तिथं ऑफिसातल्या मेल कशा लिहाव्यात ते शिकवत असतील. तर तिनं एक छोटं विनोदी नाटक लिहिलंय. मेलमध्ये एवढंच होतं: "बी ऑनेस्ट, बाबा. बट नॉट बाबा-ऑनेस्ट."

बाबा-ऑनेस्ट म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी कशालाही 'बरं आहे' म्हणालो की दोन्ही मुलं एका सुरात विचारतात, "आउट ऑफ व्हॉट, बाबा?" त्यामागे एक गोष्ट आहे. ती मी थँक्सगिव्हिंगला, वाढदिवसाला, लांबच्या ड्राइव्हवर इतक्या वेळा सांगितली आहे की पाहुण्यांसमोर ती सुरू झाली की सुलभा उठून चहा ठेवायला जाते. लोक हसतात. मीही हसतो. फक्त मी ती नेहमी अर्ध्यावर थांबवतो.

*

मिस एडना ही माझी घरमालकीण. वय साठीच्या पुढचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढून निवृत्त झालेली कृष्णवर्णीय बाई. रविवारी चर्चच्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहायची. आडनावानं हाक मारलेली तिला आवडायची नाही. मोहल्ल्यातली लहानथोर सगळी तिला 'मिस एडना' म्हणत. आमच्या हिशेबानं ती एडनाकाकूच.

मी पहिल्यांदा दारात उभा राहून नाव सांगितलं, "शरद."

"शेरॉड?" त्या म्हणाल्या. "माझ्या आईकडचे शेरॉड आहेत, जॉर्जियाला. तू त्यांच्यातला दिसत नाहीस."

मी खुलासा केला की शरद म्हणजे पानगळीच्या आधीचा ऋतू, स्वच्छ आभाळाचा. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "ये आत, शेरॉड. दार उघडं राहिलं की उष्णता बाहेर जाते." तेव्हापासून मी जॉर्जियाच्या शेरॉडांपैकी एक झालो.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत सोनेरी फुलांचा एक लांब सोफा होता आणि त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर. त्यावर बसलं की बेडकावर बसल्यासारखा आवाज व्हायचा. मला परकं असं काही वाटलं नाही. आमच्या साताऱ्याच्या घरी रेडिओला झालर लावलेलं कापड होतं आणि ते फक्त दिवाळीत निघायचं. चांगल्या वस्तूला हात लागू नये म्हणूनच ती घ्यायची असते, ह्या बाबतीत मिस एडना आणि माझी आई ह्या सख्ख्या बहिणी.

हा सोफा सिनेमात होता. मिस एडनांचा एकुलता एक मुलगा कर्टिस डेट्रॉइटला सिटी बस चालवायचा, आणि सुट्ट्या साठवून त्यानं तीन उन्हाळ्यांत एक सिनेमा केला होता. कृष्णधवल, मागे कुठलाही स्टुडिओ नाही, नट म्हणजे चर्चमधली आणि बस डेपोतली माणसं. नाव 'स्कूट ओव्हर'. आम्ही मराठी पोरांनी त्याचं लगेच 'सरकून बसा' केलं. गोष्ट एवढीशीच: एक बस ड्रायव्हर, रोज त्याच्या बसनं जाणारी एक शिक्षिका, आणि तिच्या आईचा प्लास्टिक चढवलेला सोफा. दोघं त्या सोफ्याच्या दोन टोकांना बसलेली. आई शेजारच्या खोलीत. तो इंचभर सरकला की सोफा ओरडतो आणि आतून आई विचारते, "काय म्हणालात?"

गावातल्या एका छोट्या थिएटरनं तो एक आठवड्यासाठी लावला. दारात प्रेक्षकांना पांढरी कार्डं द्यायचे: दहापैकी गुण, खाली अभिप्रायाला दोन ओळी. मिस एडनांनी मला जिन्याखाली गाठून सांगितलं, "कार्डं चांगली आली तर मॅनेजर अजून एक आठवडा ठेवतो म्हणालाय. आणि पुढच्या शनिवारी न्यूयॉर्कहून सिनेमे विकत घेणारा एक माणूस येणार आहे. तेव्हा तो पडद्यावर असायला हवा, शेरॉड. बस्स, एवढंच. तुझ्या मित्रांना आण."

मी मित्रांना आणलं. हीच तर चूक झाली.

*

शनिवारचा दुपारचा खेळ. आम्ही पाच जण, सगळे त्याच ऑगस्टमध्ये विमानातून उतरलेले, सगळे नाकासमोर चालणारे इंजिनियर. त्यातला बापट पुण्याचा आणि वानखेडे नागपूरचा. उरलेले दोघं बापट म्हणेल त्याला मान डोलावणारे, म्हणून त्यांची नावं सांगत नाही. पुढे दोघंही मोठ्या हुद्द्यांवर गेले.

थिएटर अर्धंअधिक रिकामं. मिस एडना तिसऱ्या रांगेत, रविवारची जांभळी टोपी घालून, आणि चक्क पडद्याकडे पाठ करून बसलेल्या. सिनेमा त्यांना तोंडपाठ होता. त्या माणसं बघत होत्या. कोण हसतंय, कुठं हसतंय, कोण घड्याळ बघतंय.

आम्हाला अर्धे संवाद कळले नाहीत. पण तो सोफा कळला. सोफा पहिल्यांदा ओरडला तेव्हा वानखेडे खुर्चीतून घसरला. दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा मला कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुका बसलेला माझा थोरला भाऊ आठवला आणि मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. शेवटाकडच्या प्रसंगात तो ड्रायव्हर उठतो, त्या सोफ्याचं कव्हर हळूच, गाठ सोडल्यासारखं काढतो, नीट घडी घालतो आणि तिच्या शेजारी येऊन बसतो. आवाज होत नाही. आतून आईचाही आवाज येत नाही. परमुलखात आल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं, ही माणसं मला ओळखतात.

मग बाहेर येऊन आम्ही पायऱ्यांवर कार्डं भरायला बसलो.

"सहा," बापट म्हणाला. "साठ टक्के. फर्स्ट क्लास. पोराचा पहिला पिक्चर आहे, पहिल्याच अटेम्प्टला फर्स्ट क्लास, अजून काय पाहिजे?"

"सात दे ना यार," वानखेडे म्हणाला. "डिस्टिंक्शन तर बनतेच. मी पडलो ना खुर्चीवरून!"

"तू पडलास त्याचे मार्क त्याला का? आणि नायिकेचे केस पाहिलेस का? ती दारातून आत येते तेव्हा लांब, सोफ्यावर बसते तोवर आखूड. तीन उन्हाळे लागले म्हणून काय झालं? मार्क कापायला नकोत?"

"मग दहा कुणाला द्यायचे?"

"दहा देवाला," बापट म्हणाला. "नऊ पेपर काढणाऱ्याला. आठ कुणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही."

ह्यात थट्टा नव्हती. आम्ही ज्या विद्यापीठांतून आलो होतो तिथं साठ टक्क्यांना पेढे वाटायचे. पासष्ट पडले तर शेजारी बघायला यायचे. माझ्या वडिलांना मी अमेरिकेचं प्रवेशपत्र दाखवलं, तर त्यांनी ते दोनदा वाचलं, आधीच्याच घड्यांवर परत मिटलं आणि म्हणाले, "बरं झालं." मग बाहेर जाऊन बराच वेळ विहिरीपाशी उभे राहिले. आमच्या घरात 'बरं' ही कौतुकाची शेवटची पायरी. त्यांनी 'उत्तम' म्हटल्याचं मला एकदाच आठवतं, ते दाढीच्या ब्लेडला.

मी सहा लिहिले. पेन थांबलं. डोळे अजून ओले होते, म्हणून दिलदारी करून पुढे 'पूर्णांक एक द्वितीयांश' जोडावं का असा विचार केला आणि पक्षपात नको म्हणून सोडून दिला. खाली अभिप्राय लिहिला: 'नॉट बॅड. ॲक्टिंग इज प्रॉपर.' ठसठशीत, शाईच्या पेनानं. बाकीच्या तिघांनीही सहा दिले. वानखेडेनं सात दिले, तेही बापटाची नजर चुकवून.

*

रविवारी चर्चनंतर मिस एडनांनी मला खाली बोलावलं. टेबलावर पीचचा गरम कॉबलर, म्हणजे फळावर पीठ घालून भाजलेला गोडाचा प्रकार, आणि बुटाचा एक खोका. मॅनेजरनं तोवर जमलेली सगळी कार्डं त्यांना वाचायला दिली होती. त्याशेजारी गावातलं वर्तमानपत्र. त्यातल्या समीक्षकानं सिनेमाला अडीच तारे दिले होते. त्याचं म्हणणं, सिनेमा गोड आहे, पण दिग्दर्शकानं आपल्या समाजाच्या वेदनेकडे पाठ फिरवली आहे. संताप कुठे आहे? जखम कुठे आहे?

"ह्याला माझ्या पोरानं सोफ्यावर रक्त सांडायला हवं होतं," मिस एडना म्हणाल्या. "म्हणून तर मी प्लास्टिक घालून ठेवलंय."

मग चष्मा लावून त्या एकेक कार्ड मोठ्यानं वाचू लागल्या. चर्चमधल्या एका बाईनं लिहिलं होतं, 'मुका जरा लांबला, पण मुलगा चांगल्या घरचा वाटतो.' एका न्हाव्यानं लिहिलं होतं, 'हिरोचा हेअरकट चुकलाय. माझ्याकडे पाठवा.' कुणा विद्यार्थ्याची तक्रार होती की ह्यात राजकारण नाही. एका गोऱ्या जोडप्याला भाषा झेपली नव्हती, पण सोफा कुठल्या दुकानातला आहे ते हवं होतं. आणि एका बाईनं, नाव न घालता, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'ह्यात कुणी मेलं नाही, कुणाला पोलिसांनी नेलं नाही. दोन तास मी माझ्या माणसांकडे नुसतं बघत बसले. मला ठाऊकच नव्हतं की हे मला हवं होतं.'

हे कार्ड मिस एडनांनी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला.

नंतरचं कार्ड माझं होतं. मला अक्षर टेबलापलीकडून दिसलं. त्यांनाही ते ओळखू आलं असणार. दूध संपलं की मी फ्रिजवर 'रिस्पेक्टेड मॅडम' अशी सुरुवात करून चिठ्ठी लावायचो. कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी गेलं आणि त्यांनी पुढचं उचललं.

मी वाट पाहत होतो. मला वाटलं चुकून राहिलं. दोन कार्डं झाल्यावर मला राहवेना.

"माझंही आहे त्यात," मी म्हणालो. आणि मग, पेढ्यांचा पुडा पुढे करावा तसा, "मी सहा दिलेत!"

"पाहिलं मी, हनी," त्या म्हणाल्या. आणि माझ्या ताटलीत आणखी कॉबलर वाढला.

ही गोष्ट सांगताना मी इथं थांबतो, कॉबलर वाढतानाचा त्यांचा हात करून दाखवतो आणि सगळे पोट धरून हसतात. खरं म्हणजे वाढताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. हे मी कधी करून दाखवलं नाही.

*

सिनेमा उतरला. पुढच्या शुक्रवारी सकाळी कर्टिस थिएटरनं परत केलेले रिळांचे डबे न्यायला घरी आला. उंच, खांद्यात जरा वाकलेला, आईसारखंच हसणारा. मी डबे गाडीपर्यंत नेऊ लागलो. अंगणात घोट्यापर्यंत पानं होती. त्यातून चालताना तो म्हणाला, "आठ हवे होते. सरासरी थोडक्यात हुकली. न्यूयॉर्कवाला उद्या येतोय, दुसरंच काहीतरी बघेल."

"आठाच्या जवळ म्हणजे तर डिस्टिंक्शन," मी त्याचं सांत्वन केलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं हात पुढे केला. आईला तो 'मामा' म्हणायचा. "मामा म्हणाली, तू चार मित्रांना घेऊन आलास. थँक्स, मॅन. सगळे नाही येत."

मी तो हात हातात घेतला. चांगला दाबून घेतला.

उलगडा झाला नोव्हेंबरात. मी एका प्राध्यापकांच्या हाताखाली पहिल्या वर्षाच्या मुलांचे पेपर तपासायचो. मिडटर्मचा गठ्ठा आला. मी मोकळ्या हातानं मार्क दिले, बऱ्याच जणांना साठ, दोघातिघांना अडुसष्ट. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीबाहेर रांग. एक मुलगी रडत होती. फुटबॉल खेळणारा एक राक्षसासारखा मुलगा माझ्या टेबलावर हात टेकून विचारत होता, मी तुझं काय बिघडवलंय? मी म्हणालो, अरे, तुला फर्स्ट क्लास आहे! प्राध्यापकांनी मला आत बोलावून दार लावलं आणि म्हणाले, "शरद, इथं साठ म्हणजे डी. त्याखाली नापास. चांगल्याला नव्वद देतात."

इथं माझी गोष्ट संपते. 'अशा रीतीनं तुमच्या बाबानं एका सिनेमाला फर्स्ट क्लासमध्ये नापास केलं.' हशा. सुलभा चहा घेऊन येते.

*

पुढचं मुलांना माहीत नाही.

त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा मिस एडना गाण्याच्या सरावाला गेल्या होत्या. फ्रिजवरचा बुटांचा खोका मी खाली घेतला. कार्डं मोजली, बेरीज केली, भागाकार केला. मग आमची पाच कार्डं काढून त्यांच्या जागी नऊ-नऊ धरून पुन्हा केली. सरासरी आठाच्या वर गेली. मी तीनदा करून पाहिलं. आयुष्यात माझी गणितं कितीदा चुकली असतील. हे तिन्ही वेळा बरोबर आलं.

त्या परत आल्या, टोपी काढली, आणि मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सहा म्हणजे काय, साठ टक्क्यांना आमच्याकडे पेढे कसे वाटतात, दहा देवाचे आणि नऊ पेपर काढणाऱ्याचे. त्या खुर्चीत बसल्या.

"म्हणजे तुला आवडला होता?"

"फार आवडला होता."

"मी बघत होते तुला," त्या म्हणाल्या. "पडद्याकडे नाही, तुझ्याकडे. तू रडेपर्यंत हसलास. मग ते कार्ड पाहिलं, आणि मला वाटलं, एडना, तुला आता माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत."

आणि त्या हसायला लागल्या. टेबलावर डोकं टेकून हसल्या. "फर्स्ट क्लास!" म्हणाल्या, "देवा, फर्स्ट क्लास!" मीही हसलो. मला वाटलं सुटलो.

मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आता हे कर्टिसला लिही."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर म्हणेल, आई समजूत घालतेय. आया तेच करतात. तुझ्या अक्षरात हवं. तो पुढचा सिनेमा लिहीत होता, शेरॉड. डबे घेऊन गेल्यापासून वही उघडलेली नाही त्यानं."

मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात बसलो. मला येणारं इंग्रजी म्हणजे रजेच्या अर्जाचं. 'विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट' अशी सुरुवात झाली. ती फाडली. दुसरा खर्डा जरा सलगीचा झाला. तिसरा विनोदी करायला गेलो, तर त्यात आमच्या पाच कार्डांचं गणित येईना. आणि ते गणित वगळलं तर पत्र खोटं होत होतं. ते लिहायचं म्हणजे, 'बाबा रे, तुझा सिनेमा आम्ही उतरवला' असं लिहायचं. मी ठरवलं, परीक्षा होऊ दे. मग बर्फ पडलं, मग वितळलं. खर्डे चांगले होत होते, पण अजून फर्स्ट क्लासचे नव्हते.

मिस एडना सुरुवातीला आठवड्यानं विचारायच्या, "लिहिलंस?" "ऑलमोस्ट, मिस एडना." मग महिन्यानं. पुढच्या वर्षी मी बापटाबरोबर राहायला गेलो. कारण सांगितलं, लॅब जवळ पडते. लॅब दोन्हीकडून सारखीच लांब होती. वाटेत ते घर लागू नये म्हणून मी बस बदलायला लागलो, हे बापटालाही ठाऊक नव्हतं.

पदवी झाली, न्यू जर्सीत नोकरी लागली, लग्न झालं. सुलभानं नव्या घरातली पहिली पुरणपोळी पुढ्यात ठेवली आणि मी म्हणालो, "बरी झालीय." ती आठवडाभर बोलली नाही. तेव्हा मी तिला हीच गोष्ट सांगितली, हशाच्या जागेपर्यंतची, आणि ती हसली. गोष्ट पहिल्यांदा कामी आली ती अशी. दर ख्रिसमसला मिस एडनांचं कार्ड यायचं आणि तळाशी एक ओळ असायची, 'कर्टिसला लिहिलंस का?' एका वर्षी ती ओळ नव्हती. मला हायसं वाटलं. आज ते हायसं वाटणं आठवलं की अंगावर काटा येतो.

*

मुक्ता तेव्हा पाच महिन्यांची होती. अशीच पानं पडत होती. रविवारी सकाळी तिला खांद्यावर घेऊन मी येरझाऱ्या घालत होतो आणि फोन वाजला.

"शेरॉड आहे का?" ह्या नावानं मला हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. पण आवाज पुरुषाचा होता. "मी कर्टिस. मिस एडनाचा मुलगा. मामा मंगळवारी गेली. तिच्या वहीतले सगळे नंबर फिरवतोय." मग जरा थांबून, "तू तोच ना? पत्रवाला शेरॉड?"

मी काहीतरी म्हणालो असेन.

"ती सांगायची, शेरॉडचं एक पत्र येणार आहे तुला. वाचून हसशील. थांब म्हणायची. मी आधी पेटी बघायचो रोज." तो हसला. अगदी आईसारखं. "पुढे आमच्या घरात म्हणच पडली. बस लेट झाली, प्लंबर आला नाही, की आम्ही म्हणायचो, शेरॉडच्या पत्राबरोबर येईल. मी डेपोत पण म्हणतो. आता तिथले सगळे म्हणतात."

मुक्ता माझ्या खांद्यावर झोपली होती. मी कुजबुजत, तुटक, कुठलाही खर्डा न करता त्याला सगळं सांगितलं. साठ टक्के. पेढे. देव आणि पेपर काढणारा. पाच कार्डं. तीनदा केलेला भागाकार. तो ड्रायव्हर प्लास्टिकच्या कव्हराची घडी घालत होता तेव्हा मला काय वाटलं होतं ते.

"मामाला माहीत होतं हे?"

"त्याच नोव्हेंबरात सांगितलं मी."

"आणि पाच वर्षं बोलली नाही."

"त्यांना वाटलं, तुला खरं वाटणार नाही. आई समजूत घालतेय म्हणशील."

"म्हटलं असतं," तो म्हणाला. "अगदी हेच म्हटलं असतं."

मग त्यानं ते शब्द एकदा उच्चारून पाहिले, सावकाश, उंची मोजावी तसे. "फर्स्ट क्लास." मी विचारलं, वही उघडलीस का पुन्हा? तो म्हणाला, बस चालवतो, पेन्शन चांगली आहे. आणि लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून, "तो सोफा माझ्याकडे आहे. कव्हरासकट."

"मी लिहायला हवं होतं," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला. "असो. आलं म्हणायचं एकदाचं." आणि मग त्याचा आवाज बारीक झाला. "फक्त आता हे सांगायला घरी कुणी नाही. शेरॉडचं पत्र आलं म्हणून."

*

सुलभा खिडकीतून पुन्हा काहीतरी म्हणतेय. पानं वाऱ्यानं शेजाऱ्यांकडे चालली आहेत.

मुक्ताचं नाटक मी तीनदा वाचलंय. त्यात एक बाप आहे, जो अंगणात रेक घेऊन नुसता उभा असतो आणि आत त्याची मुलगी दाराशी येऊन परत जाते, येऊन परत जाते. तिसऱ्यांदा वाचताना त्या जागी मला चष्मा काढावा लागला. तिला उत्तर लिहायला मी रोज बसतो. एक खर्डा फार कोरडा झाला, एक फार पाघळला. कालच्यात पान चारवरच्या एका विनोदाची थोडी दुरुस्ती सुचवली होती.

मेल येऊन आज आठ दिवस झाले.

रेक झाडाला टेकवून ठेवतो आणि खिशातला फोन काढतो. पानं राहू देत.